शिरगावं तीन आहेत, बाबा

ती. बाबांस व सौ. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी इकडे मॉरिशसला खुशाल आहे. वजन कमी झालेलं नाही, फोटोत तसं दिसतं कारण शर्ट ढगळ आहे. ड्यूटीचं तेच ते, नव्याने लिहिण्यासारखं काही नाही. इथे एक गृहस्थ भेटले, त्यांचा पूर्वज शिरगावचा, तो आपल्याच शिरगावचा का, हा विषय फोनवर निघाला की एक तर लाइन तुटते, नाहीतर काका मध्येच बोलायला लागतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. ताईला सांगून याचा प्रिंट काढून घ्या. बाबा, तुम्हाला हा कागद घेऊन दोन-तीन ठिकाणी जायचं आहे.

ज्या गृहस्थांबद्दल बोललो ते आमच्या घरमालकांचे व्याही. निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे. घरात इथली क्रिओल भाषा बोलतात, पण मराठी शाळेत शिकलेले. इथल्या प्राथमिक शाळांत मराठी विषय घेता येतो, त्यामुळे वाचता-लिहिता येतं, बोलताना जरा पुस्तकी होतं एवढंच. गणपतीत इथे सरकारी सुट्टी असते. आरतीला भेटले आणि मी गाव शिरगाव म्हटल्याबरोबर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या खापरपणज्याच्या नोंदीची ती नक्कल होती. काका म्हणतात तसा हा काही बनाव नाही. कागद त्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच काढून ठेवलेला, माझा तेव्हा इथे पत्ताही नव्हता.

आता हा कागद काय असतो ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. २ नोव्हेंबर १८३४ पासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं करारावर उसाच्या मळ्यांत काम करायला इथे आणली गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून. मुंबईहून आलेली त्या मानाने थोडी, आणि त्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली पुष्कळ. पोर्ट लुईला जिथे बोटी लागायच्या तो धक्का जपून ठेवलाय, अप्रवासी घाट म्हणतात. वर चढायला सोळा पायऱ्या आहेत. २००६ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळायचा आणि तोच नंबर त्याच्या सगळ्या कागदांवर जन्मभर राहायचा. हे सगळे दप्तर आता मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

तिथे जाऊन नुसतं नाव सांगितलं तर काही सापडत नाही. एकट्या 'गणपत' नावाचीच ढीगभर माणसं निघतील. आधी सिव्हिल स्टेटस ऑफिसमधून स्वतःचा जन्मदाखला, मग वडिलांचा, मग आजोबांचा, असं एकेक पायरी मागे जायचं. जुन्या दाखल्यांवर आईबापांच्या नावापुढे बऱ्याचदा त्यांचा बोटीचा नंबर लिहिलेला असतो. तो हाती लागला की निम्मं काम झालं. तो नंबर आणि वंशाचे दाखले घेऊन मोक्याला अर्ज करायचा, मग रजिस्टरमधली नोंद मिळते. १८६० च्या दशकापासून पुढे काहींचे फोटोही आहेत. यांचा माणूस त्याच्या आधीचा, १८५० च्या दशकात आलेला, त्यामुळे नुसती अक्षरं.

नोंदीत एवढंच आहे: नाव राघो, बापाचं नाव भिकाजी, वय २५, उंची पाच फूट दोन इंच, तोंडावर देवीचे व्रण. जात मराठा. जिल्हा 'रत्नाघेरी', परगणा कोरा, गाव 'सीरगॉम'. शाई फिकट आहे पण 'गॉम'मधला शेवटचा म स्पष्ट दिसतो. गावच्या नावातला 'गाव' तेव्हाचे इंग्रजी कारकून असाच लिहायचे. वयावर विसंबू नका, तिथे पंचवीस म्हणजे वीस ते तीसमधलं काहीही. जातीच्या रकान्यावर तर अजिबातच नको. मराठी बोलणारा दिसला की बऱ्याचदा मराठा लिहून मोकळे व्हायचे. कुणबी, भंडारी, गाबित, महार, कोणीही असू शकेल. तेव्हा "आपल्या जातीतला आहे का" हा काकांचा पहिला प्रश्न सध्या बाजूला ठेवा. त्या कागदावरून उत्तर मिळणार नाही आणि गृहस्थांनाही त्याचं काही पडलेलं नाही.

आडनाव का नाही, असं आई विचारणार. इथलं आडनावांचं प्रकरण मलाही पहिल्यांदा कळेना, म्हणून सविस्तर सांगतो. बोटीवर माणसाचं एकटं नाव लिहिलेलं, शिंदे-मोरे असलं काही नाही. पुढे त्याला मूल झालं तेव्हा दाखल्यावर बापाचं नाव आलं आणि तेच आडनाव झालं. समजा राघोला मुलगा झाला सखाराम, तर तो झाला सखाराम राघो. सखारामच्या मुलाचं आडनाव एक तर राघो किंवा सखाराम, लिहिणारा कारकून काय समजला त्यावर. दोन सख्ख्या भावांपैकी एकाच्या पोरांचं आडनाव राघो आणि दुसऱ्याच्या पोरांचं सखाराम, असंही होतं. दोन्ही घरं शेजारी राहतात, गणपती एकत्र, आणि मतदार यादीत बघाल तर परकी. त्यात स्पेलिंग फ्रेंच वळणाचं. लक्ष्मणाचं 'लक्सिमन' होतं, गणपतच्या शेवटी 'थ' येतो. म्हणून इथल्या आडनावावरून आपल्याकडचं घराणं शोधायला जाऊ नये. आडनाव म्हणून जे दिसतं ते कुठल्या तरी आजोबांचं पाळण्यातलं नाव असतं. फार तर तो कोण होता ते कळेल, कुठला होता ते कळणार नाही.

आता मुख्य मुद्दा. आई, तू शेजारी सांगून टाकलंस की आपल्याच गावचा माणूस सापडला. तसं अजून म्हणू नये. शिरगावं तीन आहेत आणि तिन्ही तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातच. एक आपलं, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं. दुसरं रत्नागिरी शहरालगतचं, जिथे मत्स्य महाविद्यालय आहे. तिसरं देवगड तालुक्यातलं, नांदगावहून देवगडला जाताना लागतं ते. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला, म्हणजे बोटीच्या काळात देवगडकरही रत्नागिरीचाच. (सावंतवाडीचं मात्र संस्थान वेगळं होतं.) परगण्याचा रकाना भरलेला असता तर प्रश्नच मिटला असता. 'अंजनवेल' म्हणजे आपला चिपळूणचा भाग, 'विजयदुर्ग' म्हणजे देवगडकडचा, कारण तेव्हाच्या तालुक्यांची नावं तशी होती. नेमका तोच कोरा.

मग बाकीच्या खुणांवर जायचं. या घरात गणपतीत जाखडी नाच होतो. इथली मराठी मंडळी 'झाकरी' म्हणतात, पण फेर, मृदंग आणि पायातला चाळ तोच. त्यातल्या एका गाण्यात देवीचं नाव येतं, 'वागजय'. म्हणणाऱ्यांना ती कोण हे ठाऊक नाही. मला वाघजाई वाटते. देवगडकडचा माणूस असता तर रवळनाथ किंवा पावणाई यायला हवी होती, आणि जाखडीपेक्षा दशावतार. त्यामुळे पारडं आपल्या बाजूला झुकतं. पण झुकतं एवढंच. इथे वेगवेगळ्या गावची माणसं एका मळ्यावर एकत्र राहिली, एकमेकांची गाणी उचलली, एकमेकांत सोयरिकी झाल्या. गाणं बायकोच्या माहेरचंही असेल.

बाबा, तुमच्याकडून हवंय ते असं. पहिल्यांदा तहसीलमध्ये कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना १४ ची जुनी जन्म-मृत्यू नोंद. त्यात राघो सापडणार नाही, तो बुकं सुरू व्हायच्या आधीच गेलेला. त्याच्या मागे राहिलेल्या भावाची पोरं शोधायची. 'अमुक बिन भिकाजी' (म्हणजे भिकाजीचा मुलगा) अशी म्हाताऱ्या माणसाच्या मृत्यूची नोंद, किंवा नातवाचं नाव आजोबावरून भिकाजी ठेवलेलं. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला देतातच, त्यामुळे एका घराण्यात तेच तेच नाव एक पिढी सोडून येत राहतं. पण भिकाजी हे नाव घरोघरी. मूल जगत नसलं की नवस बोलून ठेवायचे. तेव्हा एक भिकाजी सापडला म्हणून हुरळून जाऊ नका. भिकाजी, त्याचा एक मुलगा गावात आणि दुसरा नाहीसा, असं तिन्ही जुळलं तरच अर्थ आहे.

बुकं मोडी लिपीत असतील. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात तालुक्यातालुक्यात ही कागदपत्रं स्कॅन झाली आहेत, काही जिल्ह्याच्या संकेतस्थळावरही आहेत. आधी तिथे आपलं गाव बघा, म्हणजे खेप वाचेल. नसेल तर तहसीलमध्ये अर्ज करून प्रमाणित नक्कल मागा. त्या शोधाच्या वेळी मोडी वाचणारे लोक कामाला लागले होते, त्यांच्यापैकी कोणाचा नंबर रेकॉर्ड रूमच्या क्लार्ककडे असेलच. पानाला किती घेणार ते आधी ठरवा, आणि त्याला आपल्याला काय हवंय ते सांगू नका. आधी सांगितलं की वाचणाऱ्यालाही तेच दिसायला लागतं.

दुसरं, खोतांच्या घरी बोटखत असेल तर बघा. कोणत्या कुळाकडे कुठला दळा, किती मक्ता, हे त्यात वर्षावर्षाचं असतं. एखादं कूळ १८५० च्या आसपास अचानक गायब झालं किंवा त्याच्या जागी भाऊ आला, तर तो मोठाच पुरावा. खोती १९५० ला गेली तशी बरीच बोटखतं माळ्यावर वाळवीने खाल्ली, पण विचारायला काय जातं. मी विचारलं असतं, पण त्यांचं आणि आपलं पाणंदीवरून झालेलं अजून मिटलेलं नाही हे मला माहीत आहे. दादाला पाठवा, त्याच्याशी ते बरे बोलतात.

तिसरं सगळ्यात सोपं. वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना आणि गुरवाला विचारा, भावकीत कोणी 'मोरसला गेला' असं कधी ऐकलंय का. मॉरिशस म्हणून विचारू नका, ते नाव त्यांच्या आज्यांना ठाऊक नसणार. मोरस साखर मात्र सगळ्यांना ठाऊक होती. "बोटीवर गेला, परत आला नाही" असंही विचारा. आणि काकांना बरोबर नेऊ नका, ते समोरच्याच्या तोंडात उत्तर घालतात.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या हा चौथा मार्ग, पण तो आत्ता नको. तिथे गाव, आडनाव आणि जात सांगितल्याशिवाय वही उघडत नाही. भिकाजीचं घराणं नक्की झालं की मग. डीएनए तपासणीचं दादाने सुचवलं, तेही तूर्त राहू दे. एवढ्या पिढ्या लांबच्या भावंडांत साधी तपासणी बऱ्याचदा काहीच दाखवत नाही. पुरुषवंशाची वेगळी असते ती चालते, पण तिला दोन्हीकडे बाप-आजा-पणजा अशी सलग ओळ लागते, आणि आपल्या बाजूने कोणाची लाळ पाठवायची हेच अजून ठरलेलं नाही.

आता काकांच्या भीतीबद्दल. हा माणूस उद्या जमिनीत हिस्सा मागेल म्हणे. काकांना शांतपणे सांगा, सातबाऱ्यावर आपलं नाव आलं ते कुळकायद्याने, १९५७ च्या कृषक दिनानंतर. त्याच्या शंभर वर्षं आधी राघो बोटीत बसला तेव्हा जमीन आपल्या मालकीची नव्हतीच, त्यात त्याचा हिस्सा कुठून येणार? असला दावा मुदतीच्या कायद्यात तसाही उभा राहत नाही. आणि विकत घ्यायची म्हटली तर ते शेतकरी नाहीत, परदेशी नागरिक आहेत, शेतजमीन त्यांना घेता येत नाही. त्यांना कागदाचा उपयोग एकच. मार्च २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रपती इथे आल्या होत्या, तेव्हा सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळतं ते) देण्याची घोषणा झाली. त्याला इथली मोक्याची नक्कल कामाला येते, आपल्या गावची सही-शिक्का काही लागत नाही. तुमच्याकडून त्यांना हवंय ते देवळाच्या पायरीवर नारळ ठेवायला योग्य गाव. चुकीच्या गावात ठेवायचा नाही, एवढाच त्यांचा हट्ट, आणि मला तो पटतो.

खाण्याचं विचारलंस, आई. घरमालकीण आठवड्यातून डाळ-भात देतात, बाकी मी करतो. बाहेर खाल्लंच तर 'ढोल पुरी', आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीण समज. डाळ शिजवून कोरडी वाटतात, जिरं-हळद घालून पिठाच्या गोळ्यात भरतात, पातळ लाटून तव्यावर भाजतात. आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोची चटणी, मिरचीचा ठेचा. जोडीनेच देतात, एक मागितली तरी हातात दोन. उपाशी राहण्याचा प्रश्न येत नाही.

वादळाचं टीव्हीवर बघून घाबरू नका. इथे इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. तिसरा लागला की सगळं बंद करून लोक घरात बसतात, घरं सिमेंटच्या स्लॅबची असतात. आपल्या निसर्ग वादळात पत्रे उडाले तसं होत नाही. मेणबत्त्या, पाणी, पाव आणून ठेवलेलं असतं. फोन लागला नाही तर टॉवर गेला असं समजा, मी गेलो असं नव्हे.

पैशांचं. या महिन्याचे दादाच्या खात्यात टाकलेत. इथला रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या आसपास असतो, पण मधलं कमिशन जातं, म्हणून दोन महिन्यांचे एकदम पाठवले. त्यातून आधी लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स भरा, कौलं नंतर. बाबांच्या मोतीबिंदूसाठी वेगळे ठेवलेत ते हॉलला वापरू नका. मी आल्यावर करू असं म्हणून ऑपरेशन लांबवताय हे ताईने सांगितलं मला. तसं करू नका, मोडी वाचायची आहे अजून.

ताईच्या लग्नाला येतोय. हळदीला नाही जमणार बहुतेक, आदल्या रात्री मुंबईत उतरेन आणि सकाळी गाडीने चिपळूण. रजा मिळत नाही असं नाही, पण आत्ता जास्त घेतली तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट अडतं, आणि ते दादाच्या कर्जासाठी हवंय. भाऊ हळदीला नाही हे लोक बोलतील, त्यांना बोलू दे. ताईला मी स्वतः फोन करून सांगतो, तू सांगू नकोस.

तू पाठवलेले दोन्ही बायोडाटा बघितले. नाही म्हणत नाही. पण ताईचं होईपर्यंत विषय काढू नकोस, आणि "तोही त्या राघोसारखा तिकडचाच होईल" असं मामीला म्हणालीस ते बरं नाही केलंस. त्या माणसाला परतीचं भाडं कोणी दिलं नसेल, मला सहा-सात तासांत विमान आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. उत्तर ताईकडून टाईप करून पाठवा.

तुमचा,
मधला

ता. क. कोतवाल बुकाच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढाल तेव्हा पान सपाट ठेवा, फ्लॅश बंद, उजेड खिडकीचा. चारही कोपरे आणि वरची गावाच्या नावाची ओळ फोटोत यायला हवी. नुसती हवी ती ओळ कापून पाठवली तर कुठल्या शिरगावची ते पुन्हा इथे कोणालाच कळणार नाही.